बालीचा कच्चा सांबाल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सांबाल माताह हा इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा न शिजवलेला, न वाटलेला, तोंडी लावायचा मिरचीचा प्रकार. छोटे लाल कांदे, गवती चहाचा दांडा, तिखट मिरच्या आणि माक्रुत लिंबाची (काफिर लाइमची) पानं बारीक चिरायची, त्यात खोबरेल आणि लिंबाचा रस कालवायचा आणि ताजंच खायचं. घटक मोजकेच असल्यामुळे यात कुठलीही चूक झाकली जात नाही. आलेले बरेचसे प्रश्न अशा चुकांबद्दलच आहेत.

प्रश्न: चार जणांना पुरेल एवढ्या सांबाल माताहचं नेमकं प्रमाण आणि क्रम सांगा. बहुतेक कृतींत ‘अंदाजाने’ आणि ‘चवीनुसार’ एवढंच असतं.

सोललेले छोटे लाल कांदे १०० ग्रॅम घ्या. मध्यम आकाराचे दहा-बारा होतात, पण आकार फार बदलतो म्हणून वजनच धरा. चाबाई रावित, म्हणजे इंडोनेशियातली छोटी जहाल मिरची, ८ ते १०. गवती चहाचे जाड दांडे २. साफ केल्यावर आतला कोवळा भाग २० ते २५ ग्रॅम निघायला हवा. माक्रुत लिंबाची पानं ४. तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, ३ ग्रॅम. खाण्याचं खोबरेल ३ मोठे चमचे (४५ मिली), लिंबाचा रस १ मोठा चमचा (१५ मिली), मीठ पाव ते अर्धा चहाचा चमचा आणि चिमूटभर साखर.

सगळं धुऊन तासभर आधी फडक्यावर पसरून ठेवा. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय सुरी लावू नका. ओल राहिली तर गरम तेल अंगावर उडतं आणि सांबाल तळाशी पाणी सोडतो.

चिरण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गवती चहा, मग पानं, मग मिरच्या, कांदा सगळ्यात शेवटी. पहिले तीन घटक अर्धा तास थांबले तरी फारसं बिघडत नाही. कांद्याचं तसं नाही. सुरी लागताच त्याच्या पेशी फुटतात, आतले विकर (एन्झाइम) कामाला लागतात आणि जसजसा वेळ जातो तसतसा उग्रपणा आणि पुढे कडवटपणा वाढतो. कांद्याच्या चकत्या एक ते दीड मिलिमीटर जाडीच्या हव्यात. याहून जाड राहिल्या तर तेल-मीठ आत शिरत नाही, पातळ झाल्या तर लगेच मऊ पडतात.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात सगळं एकत्र करा. भाजून चुरलेली तेरासी, पाव चमचा मीठ आणि साखर घालून हातमोजा घातलेल्या हाताने २०-३० सेकंद हलकं चुरा. कांद्याच्या चकत्या सुट्या होऊन जराशा नरम पडल्या की थांबा. बालीत हे काम हातानेच करतात, आणि चमच्याने नुसतं ढवळण्यापेक्षा चव खरोखरच जास्त मुरते. मग गरम तेल ओता, ढवळा, पाच मिनिटं निवू द्या आणि त्यानंतर लिंबू पिळा. गरम तेलावर रस पिळला तर त्याचा ताजा वास उडून जातो. रस आणि मीठ एकत्र फार आधी पडले तर कांदा भराभर पाणी सोडतो.

चव दहा मिनिटांनी बघा. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेल सगळीकडे फिरलं की तिखटपणा वाढल्यासारखा वाटतो. उरलेलं मीठ आणि हवा असल्यास आणखी रस त्यानंतरच घाला.

प्रश्न: गवती चहा घातला, पण खाताना गवत चघळल्यासारखं झालं. चोथा तोंडातून काढावा लागला. काय चुकलं?

बहुधा दोन गोष्टी एकदम चुकल्या आहेत. चहात टाकतो ती लांब हिरवी पाती इथे चालत नाही. ती कितीही चिरली तरी चिवटच राहते. सांबालला मुळाजवळचा फुगीर, फिकट दांडा लागतो. बुडाचा कडक चकतीएवढा भाग कापून टाका, बाहेरची दोन-तीन आवरणं सोलून काढा. आतला भाग नखाने दाबला की दबला पाहिजे. बुडापासून पाच ते सात सेंटीमीटरच वापरायचं. चिरताना आत जांभळट कडी दिसतात. ती दिसेनाशी होऊन नुसता हिरवा रंग उरला की तिथेच थांबा. उरलेला वरचा भाग रश्शात किंवा काढ्यात घाला.

दुसरी गोष्ट चिरण्याची. दांड्यातले तंतू उभे असतात. सुरी त्यांना आडवी, बरोबर काटकोनात चालली तर प्रत्येक तंतू अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि दाताखाली कळतसुद्धा नाही. तिरक्या, दिसायला छान चकत्या केल्या की तंतू लांब राहतात. सुरीला धार नसेल तर आधी धार लावा. बोथट सुरीने दांडा दबतो, फाटतो आणि सगळे तंतू एकमेकांना धरून राहतात.

चिरून झाल्यावर चिमूटभर चावून बघा. चोथा उरत असेल तर त्या चकत्या पुन्हा एकदा सुरीखाली घ्या. एवढ्या एका तपासणीने पूर्ण वाटी वाचते.

प्रश्न: छोटे लाल कांदे मिळत नाहीत. नेहमीचा मोठा कांदा वापरला तर सांबाल पाणचट आणि उग्र होतो. कांदा धुऊन घ्यावा का?

धुऊ नका. उग्रपणा जातो, पण गोडवाही जातो आणि वर पाणी आत येतं. छोट्या लाल कांद्यात, इंडोनेशियात ज्याला बावांग मेराह म्हणतात त्यात, पाण्याचं प्रमाण कमी आणि गोडवा जास्त असतो. म्हणूनच तो कच्चा खाता येतो. मोठाच कांदा वापरायचा असेल तर लाल आणि घट्ट निवडा, बाहेरचे दोन जाड पापुद्रे बाजूला ठेवा आणि आतल्या भागाचे उभे चार तुकडे करून ते आडवे चिरा. १०० ग्रॅमला पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि मुठीत हलकं दाबून पाणी काढा. हे मीठ हिशेबात धरा. पुढे आणखी घालताना आधी चाखा. पांढरा कांदा नको.

लिंबू पिळल्यावर कांद्याचा रंग जास्त गुलाबी होतो. तो बिघडलेला नाही, कांद्यातलं रंगद्रव्य आंबटाला तसंच वागतं.

प्रश्न: मिक्सरमधून एकदा फिरवलं तर काय बिघडेल?

सांबाल माताह उरणार नाही. पातं कांद्याच्या पेशी सरसकट फोडतं, सगळा रस एकदम बाहेर येतो आणि पाच मिनिटांत कडवट, फेसाळ चटणी तयार होते. गवती चहाचे तंतू मात्र मिक्सरमध्ये कापले जात नाहीत, ते नुसते पिंजतात. म्हणजे जे अख्खं राहायला हवं ते फुटतं आणि जे फुटायला हवं ते अख्खं राहतं.

खल-बत्त्याचंही तेच. इंडोनेशियातले बरेचसे सांबाल चोबेक नावाच्या पसरट दगडी खलात उलेकान या बत्त्याने वाटतात. सांबाल तेरासी घ्या, तो वाटायचाच असतो. माताह सुरीचा आहे. हात भरून येत असेल तर प्रमाण अर्धं करा, पण चिरूनच करा.

प्रश्न: गरम तेल ओतलं तर मग तो कच्चा कसा राहिला? आणि तेल नेमकं किती गरम करायचं? आमच्याकडे एकदा कांदा करपला, एकदा तेलकट कच्चट वास राहिला.

तेल १५० ते १६० अंश सेल्सिअसला असलं तरी ते जेमतेम ४० ग्रॅम असतं आणि चिरलेला ऐवज त्याच्या तिप्पट-चौपट. त्यातही कांद्यातल्या पाण्याला तापायला तेलापेक्षा खूप जास्त उष्णता लागते. हिशेब केला तर ढवळल्यावर सगळं मिळून ४० अंशांच्या आसपासच पोहोचतं. म्हणजे चकत्यांच्या पृष्ठभागाला चटका बसतो, उग्रपणा थोडा बोथट होतो, गवती चहा आणि पानांचा वास तेलात उतरतो, पण आतला कांदा कच्चा आणि करकरीतच राहतो. हा आकडा लक्षात ठेवा, टिकवण्याच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

तापमापक नसेल तर कोरडी कांद्याची एक चकती तेलात सोडा. लगेच बारीक बुडबुडे यावेत, पण दहा सेकंदांत ती तपकिरी होऊ नये. चकती स्वस्थ पडून राहिली तर तेल थंड आहे; ते नुसतं ऐवजाला चिकटतं आणि तुम्ही म्हणता तो तेलकट कच्चटपणा येतो. तेलातून धूर दिसला तर ते फार तापलं. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि चकतीची परीक्षा पुन्हा घ्या. घाण्याचं, न गाळलेलं खोबरेल साधारण १७५ अंशांनाच धुरायला लागतं, त्यामुळे ते मंद आचेवर तापवा. तेल एकाच जागी ओतलं तर तिथला कांदा करपतो. पातळ धार धरून सगळीकडे फिरवा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

तेल न तापवता करणारेही बालीत आहेत. तिथे घरोघरी नारळाचं दूध आटवून तेल काढण्याची जुनी पद्धत आहे. त्या तेलाला आधीच खमंग वास असतो, म्हणून ते नुसतं कोमट घातलं तरी पुरतं. बाटलीतलं शुद्ध केलेलं बिनवासाचं तेल असेल तर मात्र तापवणंच बरं. शेंगदाण्याचं किंवा ऑलिव्हचं तेल घालू नका. दोन्हींची चव इतकी ठळक असते की माक्रुतची पानं मागे पडतात. खोबरेल नसेल तर सूर्यफुलाचं चालेल, चव मात्र उणी राहील.

प्रश्न: तेरासी घरात भाजली की वास दोन दिवस जात नाही. ती घातलीच पाहिजे का? आम्ही शाकाहारी आहोत, मग काय घालावं?

तेरासी बारीक कोळंबी खारवून, वाळवून, आंबवून करतात. जावा बेटावरच्या चिरेबोनची आणि लोंबोक बेटावरची तेरासी नावाजलेली आहे. तिचं काम मिठाच्या मागे खोल, मांसल चव उभी करणं. ती न घालताही सांबाल माताह करतात आणि तो चांगला लागतो, पण जास्त हलका आणि सरळ.

वास कमी करायचा असेल तर ३ ग्रॅमचा तुकडा बोटांनी चपटा करा, केळीच्या पानात किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं भाजा. कागद उघडण्याआधी खिडकी उघडा. भाजलेली तेरासी कोरडी होते आणि बोटांत चुरते. चिकट राहिली असेल तर अजून भाजा, कारण ओलसर तेरासी सांबालात मिसळत नाही. एका घासात मिठाचा खडा लागतो आणि पुढचे चार घास अळणी जातात. दुसरा मार्ग म्हणजे तेल तापत असतानाच चुरलेली तेरासी त्यात अर्धा मिनिट परतून घ्यायची. वास जरा जास्त पसरतो, पण तेलाला चव सुरेख येते.

शाकाहारी करायचं तर इंडोनेशियातलंच ताउचो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, एक चहाचा चमचा ठेचून, तेलात परतून घाला. ते खारट असतं, म्हणून मीठ शेवटी. ते नसेल तर काहीच घालू नका, मीठ पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा करा. पाहुण्यांना वाढताना तेरासी घातली आहे हे आवर्जून सांगा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना एवढीशी तेरासीसुद्धा धोक्याची ठरू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न: मुलांसाठी तिखटपणा कमी कसा करावा? नुसत्या बिया काढून फारसा फरक पडला नाही.

पडणारही नाही. कॅप्सायसिन बियांत तयार होत नाही, ज्या पांढऱ्या गराला बिया चिकटलेल्या असतात त्यात होतं. तो गर सुरीच्या टोकाने खरवडून काढा. रावितसारख्या बारीक मिरचीत हे काम किचकट आहे, म्हणून आमचा सल्ला वेगळा: रावित दोनच ठेवा आणि बाकीच्या जागी मोठी, कमी तिखट लाल मिरची गर काढून, बारीक चिरून घाला. रंग आणि करकरीतपणा तसाच राहतो. मिरच्या नुसत्या कमी केल्या तर सांबाल कांद्याच्या कोशिंबिरीकडे झुकतो.

हातांची आग होत असेल तर आधी हाताला तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने आग हटत नाही, पसरते. तोंड पोळलं तर थंड दूध प्यावं. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून नेतं. डोळ्यांना हात लावू नका, आणि काँटॅक्ट लेन्स लावत असाल तर मिरच्या चिरताना हातमोजे घालाच.

प्रश्न: माक्रुतची पानं ताजी मिळत नाहीत. वाळवलेली चालतील का?

वाळवलेल्या पानांत वास जवळजवळ उरत नाही आणि ती कच्ची चावताही येत नाहीत. गोठवलेली पानं मात्र उत्तम. मधली जाड शीर काढून टाका, पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करा आणि केसाएवढं बारीक चिरा. काहीच नसेल तर अर्ध्या लिंबाची हिरवी साल किसून घाला, पांढरा भाग येऊ न देता. बालीत रसासाठी जेरुक लिमाउ हे छोटं, फार सुवासिक लिंबू वापरतात. साधं पातळ सालीचं लिंबू त्याची जागा बऱ्यापैकी घेतं, बाटलीतला रस घेत नाही.

प्रश्न: बरणी भरून ठेवला तर किती दिवस टिकेल? वर तेलाचा थर आहे, म्हणून बाहेर ठेवला तर चालेल असं वाटतं.

बाहेर ठेवू नका, हे कळकळीने सांगतो आहोत. लोणच्यात तेलाच्या थराखाली भरपूर मीठ आणि आंबट असतं, ते जंतूंना रोखतं. इथे मीठ थोडं, लिंबू एक चमचा आणि ऐवज कच्चा. कांदा आणि गवती चहा जमिनीच्या लगत वाढतात, त्यांच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. त्यांना हवा नको असते, आणि तेलाचा थर हवा बंद करतो. ते वाढले तर जे विष तयार होतं त्याला वास नसतो, चव नसते. गरम तेल ओतून ऐवज ४० अंशांपर्यंतच जातो हे वर आलंच आहे. तेवढ्याने काहीही मरत नाही. कच्ची लसूण घालणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

म्हणून टेबलावर जास्तीत जास्त दोन तास. उरला तर लगेच झाकून फ्रिजमध्ये, ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. चवीच्या दृष्टीनेही पहिला तास सर्वांत चांगला. दुसऱ्या दिवशी कांदा लोळागोळा झालेला असतो. फ्रिजमध्ये खोबरेल थिजून पांढरे कण दिसतील. ते २४ अंशांच्या वर पुन्हा पातळ होतं, त्यामुळे खाण्याआधी लागेल तेवढाच सांबाल काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशीचा सांबाल अंड्याच्या ऑम्लेटमध्ये किंवा परतलेल्या भातात घालून नीट तापवला तर छान लागतो.

तयार सांबाल फ्रीझरमध्ये टाकू नका, कांद्याचं पाणी पाणी होतं. वेळ वाचवायचा असेल तर चिरलेला गवती चहा, अख्खी माक्रुतची पानं आणि अख्ख्या मिरच्या गोठवून ठेवा. कांदा तेवढा ऐन वेळी चिरा.

प्रश्न: हा कशाबरोबर खातात?

निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीबरोबर. बालीच्या दक्षिणेला जिंबारानच्या किनाऱ्यावर ती अशीच वाढतात. आयाम सिसित, म्हणजे शिजवून हाताने तंतू सुटे केलेली कोंबडी, यातच कालवतात. २५० ग्रॅम कोंबडीला वर दिलेलं पूर्ण प्रमाण लागतं. भात आणि चार-पाच पदार्थ एकत्र वाढलेल्या नासी चाम्पुरच्या ताटातही तो असतो. शाकाहारी ताटात तळलेल्या टेम्पेबरोबर (आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीबरोबर) किंवा टोफूबरोबर घ्या. ज्या पदार्थाला आधीच दाट रस्सा आहे त्याच्यावर तो वाया जातो, कोरडं आणि भाजलेलं काहीतरी हवं.

प्रश्न: एका ठिकाणी यात टोमॅटो होता. घालावा का?

टोमॅटो असलेला बहुधा दाबू-दाबू असावा. तो बालीचा नाही, उत्तर सुलावेसीतल्या मानादोचा. तोही कच्चाच, भाजलेल्या मासळीबरोबरच खातात, पण त्यात गवती चहा नसतो आणि आंबटपणा पुढे असतो. माताहमध्ये टोमॅटो घालू नका, त्याच्या पाण्यात खोबरेल आणि पानांचा वास हरवतो. दाबू-दाबू वेगळा करून बघा: घट्ट, अर्धवट पिकलेले टोमॅटो २०० ग्रॅम, बियांचा गर काढून एक सेंटीमीटरच्या फोडी, छोटे लाल कांदे ५० ग्रॅम, रावित मिरच्या ८ ते १०, मीठ अर्धा चमचा, गरम तेल २ मोठे चमचे. रसासाठी मानादोत लेमोन चुई हे छोटं लिंबू वापरतात, त्याच्याऐवजी साधं लिंबू २ मोठे चमचे घ्या. गर काढायचा कंटाळा करू नका, सगळं पाणी तिथूनच सुटतं. मीठ आणि रस वाढायच्या पाचच मिनिटं आधी घाला.